कवच-ठोकळ्यांच्या मांडणीतील दोष

लाटरोधक बंधाऱ्याच्या, म्हणजे ब्रेकवॉटरच्या, उतारावर रचलेले काँक्रीटचे ठोकळे ठरल्या जागी, ठरल्या अंतरावर आणि शेजारच्या ठोकळ्यांत नीट अडकून बसले नाहीत, तर कवचात ज्या उणिवा राहून जातात त्यांना मांडणीतील दोष म्हणतात. ठोकळा ओततानाचे दोष, उदाहरणार्थ काँक्रीट घट्ट होताना निघणाऱ्या उष्णतेमुळे पडलेल्या भेगा, कागदोपत्री यांपासून वेगळे धरले जातात. बंधाऱ्यावर मात्र दोन्ही एकमेकांत मिसळतात, कारण सैल बसलेला ठोकळा लाटेसरशी डुलतो आणि डुलणाऱ्या ठोकळ्यातील भेग वाढत जाते.

दगडी भरावाच्या बंधाऱ्यात आत लहानमोठ्या दगडांचा गाभा, त्यावर निवडक दगडांचे अस्तर आणि सर्वांत बाहेर कवच असते. कवचातील प्रत्येक दगडाचे वा ठोकळ्याचे आवश्यक वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते; लाटेची उंची दुप्पट झाली तर वजन आठपट लागते. एवढे मोठे दगड खाणीतून निघत नाहीत, म्हणून काँक्रीटचे ठोकळे आले. फ्रान्समधील ग्रनोबल येथील जलविज्ञान प्रयोगशाळेत १९५० मध्ये चार पायांचा टेट्रापॉड तयार झाला, १९६० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन बंदरावर डोलोस हा लांब पायांचा ठोकळा वापरात आला आणि १९८१ मध्ये एकाच थरात रचायचा ॲक्रोपोड पुढे आला. वजन ठरवण्याच्या हडसन सूत्रात प्रत्येक प्रकाराला स्थैर्याचा एक गुणांक दिलेला असतो. बंधाऱ्याशी येण्यापूर्वी न फुटणाऱ्या लाटांसाठी खडबडीत दगडाचा गुणांक सुमारे ४, टेट्रापॉडचा ८, तर ॲक्रोपोडचा १५ च्या आसपास धरतात. उतार आणि घनता सारखीच ठेवली, तर गुणांक जितका मोठा तितके वजन कमी लागते. वजनातील ही सारी बचत ठोकळे एकमेकांत गुंफले जातील या भरवशावर केलेली असते. गुंफण साधली नाही, तर समुद्रापुढे उरतो तो केवळ कमी वजनाचा ठोकळा. म्हणून मांडणीतील दोषाला दिसण्यातील उणीव समजून चालत नाही. तो संकल्पनातील, म्हणजे डिझाइनमधील, गृहीतकच काढून घेतो.

सर्वांत सामान्य दोष अंतराचा आहे. ठोकळे उतारावर ठरवून दिलेल्या जाळीप्रमाणे, एका ओळीतील दोन ठोकळ्यांच्या मधोमध वरच्या ओळीतील ठोकळा येईल अशा रीतीने बसवतात. आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना अंतर केवळ ५ टक्क्यांनी वाढले, तरी दर चौरस मीटरमागे ठोकळ्यांची संख्या सुमारे ९ टक्क्यांनी घटते. अशा विरळ जागी ठोकळ्यांना परस्परांचा आधार मिळत नाही आणि फटींतून अस्तरातील दगड लाटेच्या माघारी ओढीबरोबर बाहेर निघू लागतात. उलट, ठोकळे जास्त दाट बसवणे हाही दोषच आहे. त्याने पोकळी घटते, लाट उतारावर अधिक वर चढते, आतील पाण्याचा दाब बाहेर पडायला वाट राहत नाही आणि वरच्या ओळी जाळीत बसेनाशा होतात. मुंबईत मरीन ड्राइव्हवर टेट्रापॉडमधील मोठ्या फटी पाहून काम निष्काळजीपणे केले असावे असे पुष्कळांना वाटते. वास्तविक अशा कवचाचा जवळजवळ निम्मा घनफळ-भाग मोकळा असावा लागतो, कारण लाटेची शक्ती त्या पोकळ्यांतच जिरते. घनाकृती ठोकळ्यांत जास्त दाट बसण्याचा दोष काळाच्या ओघात आपोआपही येतो. वेडेवाकडे टाकलेले घन लाटांनी हलत हलत सपाट बाजूंनी एकमेकांना चिकटतात, खालचा भाग फरसबंदीसारखा गुळगुळीत होतो आणि पाण्याच्या पातळीजवळ विरळ पट्टा उघडा पडतो.

एका थराच्या कवचात प्रत्येक ठोकळा खालच्या अस्तराला टेकलेला आणि खालच्या ओळीतील दोन ठोकळ्यांमध्ये अडकलेला असावा लागतो. अस्तर उंचसखल राहिले की ठोकळा अस्तराला न टेकता शेजाऱ्यांवर तरंगत राहतो. शेजारचे ठोकळे एकाच दिशेला तोंड करून बसले, तर त्यांची गुंफण कमी होते. म्हणूनच ॲक्रोपोडसारख्या ठोकळ्यांचे कल मुद्दाम वेगवेगळे ठेवतात. एखादी फट दिसली म्हणून तिच्यात जादा ठोकळा सोडून देणे ही ठेकेदारांची जुनी खोड आहे आणि तिचा अपाय उपयोगाहून मोठा आहे. कोणत्याच ओळीत न अडकलेला तो ठोकळा वादळात सुटतो आणि धडकून शेजारचे ठोकळे फोडतो. पायथ्याची पहिली ओळ चुकली, तर तिच्यावरील प्रत्येक ओळ ती चूक वाढवत नेते. बंधाऱ्याच्या गोलाकार टोकावर वर जाताना घेर लहान होत असल्याने जाळी नियमित राहत नाही आणि तेथे दोष अधिक आढळतात.

या चुका घडण्याचे कारण बहुतेक वेळा अज्ञान नसून परिस्थिती असते. क्रेनचालकाला पाण्याखालचा ठोकळा दिसत नाही, दोराला टांगलेला ठोकळा लाटांबरोबर झुलतो आणि गढूळ पाण्यात पाणबुड्याला हाताच्या अंतरापलीकडचे ओळखू येत नाही. झुलता ठोकळा वेगाने टेकला, तर आधी बसवलेल्या ठोकळ्याचा पाय तुटतो. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या, पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थांत बंधाऱ्यांच्या लहान प्रतिकृती लाटांखाली तपासल्या जातात. प्रतिकृतीतील ठोकळे कोरड्यात, नजरेसमोर, हाताने रचता येतात. तशी रचना खऱ्या बंधाऱ्यावर उतरेलच असे नाही. शिवाय लहान ठोकळा प्रमाणाने फारच चिवट असतो, त्यामुळे खऱ्या ठोकळ्याचे मोडणे प्रतिकृतीत दिसत नाही.

मोडण्याचा हा प्रश्न पोर्तुगालमधील सिनेश बंदरावर उघड झाला. तेथे सुमारे ५० मीटर खोल पाण्यापर्यंत नेलेल्या बंधाऱ्यावर ४२ टनांचे, सळईविरहित डोलोस बसवले होते. काम पूर्णत्वाला येत असतानाच फेब्रुवारी १९७८ च्या वादळात कवचाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नाहीसा झाला, आणि वादळातील लाटा संकल्पनात धरलेल्या लाटेहून लहान होत्या. दोष केवळ मांडणीवर टाकणे येथे अन्यायाचे ठरेल. लाटांचा अंदाज, ठोकळ्यांची ताकद आणि बांधणी या सर्वांवर तज्ज्ञांत वाद झाला. डुलणारा मोठा ठोकळा स्वतःच्याच वजनाने मोडू शकतो, हे मात्र सर्वांच्या लक्षात आले. ठोकळा जितका मोठा, तितका त्याच्यावरील ताण वाढतो. काँक्रीटची ताण सोसण्याची शक्ती मात्र तेवढीच राहते, आणि तीही दाब सोसण्याच्या शक्तीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढीच असते. कॅलिफोर्नियातील क्रेसेंट सिटीच्या बंधाऱ्यावर १९८६ मध्ये बसवलेल्या सुमारे ३८ टनांच्या डोलोसांपैकी काहींत मापनयंत्रे पुरली होती. लाटेच्या धक्क्याइतकाच, ठोकळा शेजाऱ्यांवर कसा रेललेला आहे यातून येणारा स्थिर ताणही त्यांत महत्त्वाचा ठरला. हा स्थिर ताण मांडणीतूनच येतो.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. जून ते सप्टेंबर समुद्रातील काम जवळजवळ थांबते, त्यामुळे बंधाऱ्याचे अर्धवट टोक पावसाळ्यापूर्वी तात्पुरते झाकावे लागते, आणि या घाईत बसवलेले ठोकळे नंतर काढून पुन्हा रचावे लागतात. पावसाळा टळला तरी धोका टळत नाही : केरळमधील विळिंजम बंदराच्या बांधकाम चालू असलेल्या बंधाऱ्याला २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळाचा फटका बसला.

दोष शोधण्यासाठी आता क्रेनवर उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आणि पाण्याखाली ध्वनिलहरींनी चित्र उमटवणारे त्रिमितीय सोनार वापरतात. प्रत्येक ठोकळ्याची जागा नोंदवून मांडणीची घनता ठरावीक क्षेत्रामागे मोजली जाते, आणि ती संकल्पित आकड्याच्या काही टक्क्यांच्या आत असावी अशी अट असते. ही मोजणी ओळीगणिक व्हावी लागते. गुंफलेल्या उतारातून खालचा एक ठोकळा ओढून काढता येत नाही. पायथ्याची ओळ सुधारायची तर माथ्यापासून ठोकळे उतरवत खाली यावे लागते आणि सुस्थितीतील ठोकळेही पुन्हा उचलण्या-ठेवण्यात मोडण्याचा धोका पत्करावा लागतो. पहिल्या एकदोन वादळांत सारे कवच थोडे खाली बसते, म्हणून काम संपल्यानंतरच्या पहिल्या मोसमात मोजणी पुन्हा करतात आणि माथ्याजवळ उघडलेल्या फटी नव्या ठोकळ्यांनी भरतात.