शिसे, कॅडमियम आणि दख्खनचा दगड : खनिजांनी पाणी शुद्ध करण्यामागचा इतिहास

मुंबईच्या संदर्भात पाण्यातील जड धातूंचा विषय निघाला की आधी एक फरक स्पष्ट करावा लागतो. शहराच्या नळांना येणारे पाणी विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा अशा दूरच्या-जवळच्या जलाशयांतून येते. शिसे, कॅडमियम, निकेल आणि क्रोमियम यांची खरी चिंता आहे ती कारखान्यांतून व लहान वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याची आणि ते ज्या खाड्यांना जाऊन मिळते त्या खाड्यांच्या गाळाची. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस 10500 या भारतीय मानकाने शिशाची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम, कॅडमियमची 0.003 आणि पाऱ्याची 0.001 मिलिग्रॅम ठेवली आहे. सांडपाण्यासाठीची मानके यापेक्षा बरीच सैल असली, तरी चुना टाकून धातूंचा साका खाली बसवण्याची रुळलेली पद्धत एका टप्प्यानंतर थकते आणि उरलेला अंश पाण्यातच राहतो. झिओलाइट (सूक्ष्म पोकळ्या असलेले खनिज), बेंटोनाइट (एक प्रकारची माती), जांभा अशा नैसर्गिक पदार्थांचा विचार होतो तो या उरलेल्या अंशासाठी.

खनिज घालून पाणी निवळण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्यांत निवळीच्या बियांबरोबर गोमेदाचाही उल्लेख येतो. मात्र तो उपाय गढूळपणावरचा आहे. विरघळलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धातूंचा तेथे प्रश्नच नव्हता, त्यामुळे या उल्लेखावरून प्राचीनांना शिसे काढण्याची विद्या अवगत होती असे सुचवणाऱ्यांच्या उत्साहाला आवर घालायला हवा.

आजच्या पद्धतीचे मूळ शेतीत सापडते. इंग्लंडमधील यॉर्कशायरचे जमीनदार एच. एस. थॉम्पसन यांना खताचा अमोनिया पावसाबरोबर जमिनीतून वाहून जातो की टिकतो, याची उत्सुकता होती. 1845 च्या सुमारास त्यांच्यासाठी झालेल्या प्रयोगांत नळीत माती भरून तिच्यावर अमोनियम सल्फेटचे द्रावण ओतण्यात आले. खालून जे पाणी ठिबकले त्यात अमोनियम जवळजवळ नव्हते आणि त्याच्या जागी कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, आले होते. हे निष्कर्ष 1850 मध्ये प्रसिद्ध झाले आणि रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जे. टी. वे यांनी 1850 ते 1852 या काळात तोच प्रयोग पद्धतशीरपणे पुढे नेला. मातीने अमोनियम नुसते अडवून ठेवले नव्हते, त्याच्या मोबदल्यात तितकेच कॅल्शियम सोडले होते. हा हिशेब दोन्ही बाजूंनी जुळतो, ही त्या प्रयोगातली महत्त्वाची गोष्ट. खनिज पाण्यातून काहीही फुकट घेत नाही, हे तेव्हाच दिसले होते. 1858 मध्ये आइशहॉर्न या जर्मन शास्त्रज्ञाने चॅबझाइट आणि नॅट्रोलाइट या झिओलाइटांवर असाच बदल घडवून आणला आणि तो उलटाही फिरवता येतो हे दाखवले.

झिओलाइटचा सांगाडा सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा असतो. सिलिकॉनच्या काही जागा ॲल्युमिनियमने घेतल्या की त्या सांगाड्यावर ऋण भार राहतो आणि तो फेडण्यासाठी सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियमचे धन आयन, म्हणजे धन भार असलेले अणू, आतल्या पोकळ्यांत सैलसे बसलेले असतात. पाण्यात शिशाचा आयन आला की तो आत शिरतो आणि सोडियम बाहेर पडतो. त्यातही आवडनिवड असते : क्लिनॉप्टिलोलाइट हे झिओलाइट शिशाला पटकन घेते, तांबे, कॅडमियम व जस्ताला त्यामानाने कमी आणि निकेलच्या बाबतीत तर बरेच हात आखडते.

आइशहॉर्न जर्मनीत हे प्रयोग करत होता, त्याच काळात बोरघाटात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे काम चालू होते. 1856 ते 1863 या वर्षांत घाटातला बेसॉल्ट सुरुंगांनी फोडला गेला आणि दगडाच्या पोकळ्यांतून झिओलाइटचे सुंदर स्फटिक बाहेर आले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हामध्ये वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि पुढे त्यांतून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने ही खनिजे तयार केली. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील स्टिलबाइट, ह्यूलँडाइट आणि स्कोलेसाइट आज जगभरच्या संग्रहांत आहेत, आणि खुद्द मुंबईतल्या कांदिवली व मालाडच्या खडीच्या खाणीही खनिजप्रेमींना परिचित आहेत. 

मग आपल्याच दगडाने आपले सांडपाणी का धुऊ नये, हा प्रश्न सभांमधून हमखास विचारला जातो. अडचण प्रमाणाची आहे. पोकळ्यांतले स्फटिक हातोडीने एकेक सोडवून काढावे लागतात. गाळणीसाठी लागतात टनावारी खनिज देणारे थर. असे थर ज्वालामुखीच्या राखेचे पाण्याच्या संपर्कात रूपांतर होऊन बनतात आणि त्यांचा प्रचंड विस्तार 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ध्यानात आला. त्यांतले क्लिनॉप्टिलोलाइट हे आपल्या ह्यूलँडाइटचे रचनेने सख्खे भावंड आहे, एवढेच नाते सांगता येते.

दरम्यान, पाणी मऊ करण्याच्या, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम काढण्याच्या, धंद्यात खनिजांचा एक डाव खेळून झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी कृत्रिम ॲल्युमिनोसिलिकेट, म्हणजे परम्युटिट, बाजारात आणण्याजोगे केले. अमेरिकेत न्यू जर्सीची ग्लॉकोनाइटयुक्त हिरवी वाळूही त्या कामी वापरली गेली. 1935 मध्ये ॲडम्स आणि होम्स यांनी आयनांची अशीच अदलाबदल करणारे कृत्रिम रेझिन (राळेसारखा पदार्थ) तयार केले आणि खनिजे मागे पडली. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या मुंबईच्या सोसायट्यांमध्ये पंपाच्या खोलीत जो सॉफ्टनर उभा असतो, त्यात असेच कृत्रिम रेझिन असते. त्याच्या शेजारी रचलेल्या मिठाच्या गोणी कशासाठी, हे रहिवाशांना क्वचितच माहीत असते : रेझिनने धरलेले कॅल्शियम मिठातल्या सोडियमने हुसकून काढण्यासाठी. आइशहॉर्नने दाखवलेला उलटा फेरा तो हाच.

खनिजांना पुन्हा महत्त्व आले ते अणुऊर्जेमुळे. 1960 च्या सुमारास अमेरिकेतील हॅनफर्ड या अणुकेंद्रात एल. एल. एम्स यांनी क्लिनॉप्टिलोलाइट किरणोत्सारी सीझियम वेचून घेते हे दाखवले. 1979 च्या थ्री माइल आयलंड अपघातानंतर, 1986 मध्ये चेर्नोबिलला आणि 2011 मध्ये फुकुशिमाला दूषित पाण्यासाठी झिओलाइटचा वापर झाला. जड धातूंकडे लक्ष वळण्याची कारणे वेगळी होती. जपानमधील जिंझू नदीच्या काठच्या वेदनादायी हाडांच्या आजाराचा संबंध कॅडमियमशी आहे, हे तेथील सरकारने 1968 मध्ये मान्य केले. आपल्याकडे 1970 मध्ये महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले आणि 1974 मध्ये केंद्राचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा आला. तोवर ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा उभा राहिलेला होता.

मुंबईत या पद्धतीची खरी जागा कोणती, याचे उत्तर प्लेटिंगच्या, म्हणजे वस्तूंवर धातूचा मुलामा देणाऱ्या, लहान कारखान्यात शोधावे. तेथे माल टाकीतून काढून धुवणीच्या पाण्यात बुडवला जातो, आणि मालाला चिकटून आलेला धातू त्या पाण्यात उतरतो. हे पाणी थोडे, एकाच जातीच्या धातूचे आणि फारसे खारट नसलेले असेल, तर खनिजाची गाळणी तेथे उपयोगी पडू शकते. पण तांबे किंवा जस्त सायनाइडच्या द्रावणातले असेल, तर धातू ऋण भाराच्या संयुगात बांधलेला असतो आणि झिओलाइट त्याला घेत नाही. क्रोमचेही तसेच : सहा संयुजेचा क्रोमियम क्रोमेटच्या ऋण आयनात असतो, म्हणून त्याला आधी आम्लात मेटाबायसल्फाइट घालून तीन संयुजेचा करावे लागते. हेच पाणी नाल्यातून माहीमच्या किंवा ठाण्याच्या खाडीत पोहोचले की सगळाच खेळ बिघडतो, कारण समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्या सोडियम-मॅग्नेशियमच्या गर्दीत शिशाचे काही मायक्रोग्रॅम खनिजाच्या वाट्याला सहसा येत नाहीत. खाडीत झिओलाइट टाकून ती स्वच्छ करण्याच्या योजना म्हणूनच कागदावर चांगल्या दिसतात.

अर्सेनिकही पाण्यात धन आयन म्हणून नसते, ते ऋण आयनांच्या किंवा भार नसलेल्या रूपात असते. त्यासाठी लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे लागतात आणि ती जांभ्यात भरपूर असतात. खरगपूरच्या आयआयटीने पश्चिम बंगालमधील अर्सेनिकग्रस्त भागासाठी जांभ्यावर प्रक्रिया करून गाळण्या तयार केल्या आहेत. कोकणात ज्या चिऱ्यांची घरे बांधली जातात त्याच जातीचा हा दगड आहे.

वापरून झालेल्या खनिजाचे काय, हा प्रश्न शेवटी राहतोच. मिठाच्या पाण्याने ते धुतले तर धातू त्या मिठाच्या पाण्यात येतो, आणि मग त्या पाण्याची विल्हेवाट लावावी लागते. न धुता टाकायचे ठरवले, तर धातूने भरलेले खनिज घातक कचऱ्यात मोडू शकते, आणि तसे ठरल्यास घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार ते मान्यताप्राप्त सुरक्षित भरावस्थळीच पाठवावे लागते. मुंबई परिसरासाठी असे ठिकाण तळोज्याला आहे. त्यामुळे खनिज किती स्वस्त आहे याचा हिशेब मांडताना त्याच्या खरेदीच्या दराबरोबर तळोज्यापर्यंतची वाहतूक आणि तिथले शुल्कही धरावे लागते.