बेने इस्रायलांचं कीर्तन किती जुनं?

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याजवळ पूर्वजांचं गलबत फुटलं तेव्हापासून कोकणातले बेने इस्रायल यहुदी मराठीत कीर्तन करत आले, असं हौसेने सांगितलं जातं. ते खरं नाही. शनिवारचा विसावा, ‘शेमा’ प्रार्थना, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने होणारा मलिदा हा नैवेद्याचा विधी, हे पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. कीर्तन मात्र 1880 च्या सुमाराचं, मुंबईतलं. तोवर बायबल मराठीत आलं होतं, आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी-दिंडीत रचणं शक्य झालं. 1874 साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादात, म्हणजे पेसाख (वल्हांडण) सणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, तर त्या सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात चितारल्यात! समाजाने आपला इतिहास जाणीवपूर्वक मराठीत आणला. मला त्याचं मोल प्राचीनतेहून जास्त वाटतं.