पाव

पाव : गव्हाचे पीठ आंबवून भट्टीत भाजलेला खाद्यपदार्थ. मराठीत ‘पाव’ हे दोन वेगळे शब्द आहेत. चतुर्थांशाचा पाव संस्कृत ‘पाद’वरून आला, खाण्याचा पोर्तुगीज ‘पांव’वरून. लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव, किंवा पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, या व्युत्पत्ती ऐकायला गमतीच्या असल्या तरी टिकत नाहीत. पोर्तुगीजांचा वावर असलेल्या जपानात आणि श्रीलंकेतही पावाला ‘पान’ म्हणतात. तिथवर मराठी पाय पोचलेले नाहीत.

पोर्तुगीज शब्दाचे मूळ लॅटिन ‘पानिस’. अंत्य ‘न’ जाऊन स्वर सानुनासिक झाला. मराठीने तोही अनुनासिक सोडला. ‘पानिस’चा संबंध बहुतेक अभ्यासक ‘पास्केरे’ (चारणे, पोसणे) या क्रियापदाशी लावतात आणि तेच सयुक्तिक वाटते. तसे धरल्यास इंग्रजी ‘फूड’ त्याच कुळातला ठरतो. जुन्या इंग्रजीत ‘फोडा’ म्हणजे पोषण. ‘फीड’ आणि ‘फॉडर’ (वैरण) ही त्याचीच भावंडे. मूळ ‘प’चा जर्मानिक (इंग्रजी, जर्मन इ.) भाषांत ‘फ’ होतो, हा नियम जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला. त्याच नियमाने ‘पाद’चा आप्त ‘फूट’. म्हणजे पायाशी नाते आहे ते चतुर्थांशाच्या पावाचे. खाण्याचा पाव ‘फूड’च्या घरचा. संस्कृत ‘पा’ (रक्षण करणे) हा धातूही अनेकजण याच कुळात घेतात.

गोव्यात पाव १५१० नंतर, पोर्तुगीज अमलात रुजला. साष्टीतील माजोर्डा गावी जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी ही कला स्थानिकांना शिकवली, अशी परंपरा आहे. यीस्टऐवजी माडाची सूर (माडी) घालून पीठ फुगवीत. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा सर्वत्र ऐकू येतात. त्या इतिहास म्हणून घेताना सावध राहावे. सोवळ्या घरांत मात्र पाव बराच काळ वर्ज्य होता.

पाव भाजणारा तो पदेर, पोर्तुगीज ‘पादेइरु’वरून. सायकलीच्या भोंप्यावरून तो ओळखू येतो. गोव्यातील पावाच्या प्रकारांत उंडो गोल, कडक कवचाचा, काकण बांगडीसारखे. पोळी (पोई) हाही पावाचाच प्रकार, तिच्यावर कोंडा भुरभुरलेला असतो, आत पोकळी. ताजी पोळी फोडली की वाफ निघते आणि कोंडा बोटांना चिकटतो. गोव्यातील ‘पावभाजी’ म्हणजे मुंबईची नव्हे. ती सकाळची पातळ भाजी आणि पाव.