मोठं चाक आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज

टायरच्या दुकानात एक सल्ला हमखास मिळतो. ‘चौदाच्या जागी सोळाचं चाक टाका. चाक मोठं, म्हणजे एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाणार, इंजिन कमी फिरणार, अ‍ॅव्हरेज वाढणार.’ व्हॉट्सअ‍ॅपवरही हेच फिरत असतं. वरवर पाहता हे बिनतोड वाटतं. पण ‘चाक मोठं’ म्हणजे नेमकं काय मोठं, हे कुणी विचारत नाही.

टायरच्या अंगावरचे आकडे वाचा. १८५/६५ आर १५. रुंदी १८५ मिलिमीटर. टायरच्या भिंतीची उंची या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर. रिम १५ इंची, म्हणजे ३८१ मिलिमीटर. रिमच्या वर एक भिंत, खाली एक. एकूण व्यास साधारण ६२२ मिलिमीटर. आता स्विफ्टच्या खालच्या मॉडेलवर येणारा १६५/८० आर १४ घ्या: ६२० मिलिमीटर. १९५/५५ आर १६ घ्या: ६२१. रिम चौदाची, पंधराची की सोळाची, रस्त्यावर फिरणारं चाक तेवढंच! रिम जितकी वाढली तितकी रबराची भिंत आखूड झाली. स्पीडोमीटर चुकू नये म्हणून हा व्यास मुद्दाम सांभाळला जातो. तेव्हा ‘एका फेऱ्यात जास्त अंतर’ हा हिशेब इथेच संपला.

समजा, बाहेरचा व्यास खरोखरच वाढवला, १९५/६५ आर १५ बसवला. व्यास दोन टक्क्यांनी वाढतो. गाडी किलोमीटर मोजते ते चाकाच्या फेऱ्यांवरून, त्यामुळे पूर्वी जिथे १०० किलोमीटर दिसायचे तिथे आता ९८ दिसतात. पेट्रोल तेवढंच जळलं तरी कागदावरचं अ‍ॅव्हरेज दोन टक्क्यांनी घसरतं. झिजलेल्या टायरचं उलट. नक्षी ६ मिलिमीटर झिजली की व्यास १२ मिलिमीटर घटतो आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. ‘नवे टायर टाकले आणि अ‍ॅव्हरेज पडलं’ या तक्रारीत या मोजणीचाही वाटा असतो.

पण चाकामुळे इंधनात खराखुरा फरक पडतो, आणि तो लहान नाही. २०२३ची टोयोटा प्रियस पाहा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या आकड्यांनुसार १७ इंची चाकांचं साधं मॉडेल गॅलनला ५७ मैल जातं, १९ इंची चाकांचं वरचं मॉडेल ५२. आपल्या भाषेत लिटरला २४.२ आणि २२.१ किलोमीटर. इंजिन तेच. टायरची रुंदीही तीच, १९५. महागड्या मॉडेलचं वजन थोडं जास्त आहे, पण हा फरक मुख्यतः चाकांच्या खाती जातो. मग ही ऊर्जा जाते कुठे?

बरीचशी रबरात. गाडीच्या भाराखाली टायरचा तळहाताएवढा भाग जमिनीला टेकून सपाट होतो, पुढच्या क्षणी सुटून पुन्हा गोल होतो. ताशी ८० किलोमीटरला टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला साधारण अकरा वेळा असा दबतो आणि सुटतो. दाबायला लागलेली ऊर्जा सुटताना पूर्ण परत मिळाली असती तर प्रश्नच नव्हता. रबर ती पूर्ण परत करत नाही. रबरी चेंडू सोडला तर तो सोडला तेवढ्या उंचीवर परत येत नाही, तसंच हे. रबराच्या रेणूंच्या एकमेकांत गुंतलेल्या लांब साखळ्या, त्यांना जोडणारे गंधकाचे सांधे आणि मध्ये पेरलेले काजळीचे बारीक कण एकमेकांवर घासतात. प्रत्येक दाबात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. द्रुतगती मार्गावरून तासभर गाडी चालवून आल्यावर टायरला हात लावा. जी ऊब लागते ती तुम्ही पंपावर पैसे मोजून घेतलेली असते.

किती पैसे? एक टनाच्या गाडीला मागे ओढणारं बल चांगल्या टायरवर वजनाच्या हजारी ६.५ भाग असतं, सुमार टायरवर दहाच्या पुढे. दहा धरलं तर ९८ न्यूटन, म्हणजे १०० किलोमीटरला ९.८ मेगाज्यूल. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल असतात, त्यातले पाव चाकापर्यंत पोचतात असं धरू. म्हणजे दर १०० किलोमीटरला १.२ लिटर पेट्रोल केवळ रबर मळण्यात गेलं! ६.५च्या टायरवर ०.८. लिटरला वीस देणाऱ्या गाडीत हा फरक आठ टक्क्यांचा होतो.

मग सगळेच टायर तसे का करत नाहीत? कारण ब्रेक लावल्यावर जी पकड लागते तिलाही रबराने ऊर्जा खाणंच हवं असतं. सुटका आहे ती कंपनसंख्येत. चाक फिरताना रबर सेकंदाला दहा-वीस वेळा दबतं. घसरताना रस्त्याचे बारीक खडे त्याला सेकंदाला हजारो ते लाखो वेळा दाबतात. संथ कंपनांत कमी आणि जलद कंपनांत जास्त ऊर्जा खाणारं मिश्रण मिळालं, तर दोन्ही साधतं. रबरात थंड तापमान आणि जलद कंपन यांचा परिणाम सारखाच असतो, म्हणून प्रयोगशाळेत ६० अंशांवरचा ऊर्जेचा ऱ्हास चाक फिरताना होणाऱ्या तोट्यासाठी आणि शून्य अंशांवरचा ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी पाहतात. १९९२मध्ये मिशेलिनने काजळीच्या जागी सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य पदार्थ, घालून असा टायर बाजारात आणला. रसायनशास्त्राने वाचवलेलं इतकं इंधन सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मोठ्या रिमसोबत सहसा रुंद, पकडीसाठी बनवलेला टायर येतो आणि नुकसान मुख्यतः तिथून होतं. शिवाय वजन. ‘चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो’ हे मॅगव्हील, म्हणजे हलक्या मिश्रधातूची चाकं, विकणाऱ्यांचं वाक्य मात्र साफ खोटं आहे. पूर्ण वस्तुमान कडेला असलं तरी पुढे जाण्याची ऊर्जा अर्धा एमव्ही वर्ग आणि फिरण्याची तेवढीच. म्हणजे जास्तीत जास्त दुप्पट. प्रत्येक चाक दोन किलोंनी जड झालं तर चारांचे आठ किलो फार तर सोळांसारखे वागतील, तेही फक्त वेग वाढवताना. हवेचा भाग मोठा आहे. ताशी १०० किलोमीटरला चाकाचा वरचा बिंदू रस्त्याच्या मानाने २००ने पुढे धावतो, आणि गाडीच्या एकूण हवारोधात चाकं आणि त्यांच्या कमानींचा वाटा पावभर असतो. उघड्या आऱ्यांची मोठी अलॉय तो वाढवतात.

नायट्रोजन भरून अ‍ॅव्हरेज वाढतं असं सांगून पैसे घेणाऱ्यांना एकच सांगा: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा दाबाचा आहे. चारही टायरांचा दाब १ पीएसआयने उतरला की इंधनाचा तोटा सुमारे ०.२ टक्के.

चाकाचा बाहेरचा व्यास वाढवून रुंदी न वाढवणं मात्र खरंच कामाचं ठरतं, कारण मोठ्या वर्तुळाला जमिनीपाशी कमी वाकावं लागतं. बीएमडब्ल्यूने २०१३च्या आय३ या विजेच्या गाडीला १५५/७० आर १९ टायर दिले. व्यास ७०० मिलिमीटर, रुंदी आपल्या छोट्या हॅचबॅकच्या टायरएवढी. १९ इंची चाक हवंच असेल, तर ते असं.