खडतर वाटेसाठी ट्रकमध्ये बदल करण्यापूर्वी: खर्च आणि उपयोग यांचा हिशेब

आपला फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक खडकाळ, चिखलाच्या किंवा वाळूच्या वाटेसाठी सज्ज करून घेण्याचा आपला विचार असेल, तर अंदाजपत्रक मागण्यापूर्वी हे पत्रक सावकाश वाचावे, ही विनंती. नव्या भागाची किंमत म्हणजे बदलाचा संपूर्ण खर्च नव्हे. त्या एका भागापायी पुढे जे जे बदलावे लागते, तेही ग्राहकालाच भरावे लागते आणि ते काम सुरू होण्याआधी त्याला कळले पाहिजे, असे आम्ही मानतो.

बहुतेकांची पहिली मागणी मोठ्या टायरांची असते. ३१ इंची टायर काढून ३३ इंची घातले, तर अ‍ॅक्सल जमिनीपासून २ नव्हे, १ इंचच वर जातो, कारण वाढलेल्या व्यासाचा निम्माच भाग अ‍ॅक्सलच्या खाली येतो. घेर मात्र सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे पूर्वी अचूक असलेला स्पीडोमीटर ६० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ६४ च्या आसपास धावते, ओडोमीटर अंतर कमी नोंदवतो आणि चढावर इंजिनाची ओढ कमी पडते. ती ओढ परत मिळवण्यासाठी अ‍ॅक्सलमधील क्राउन-पिनियन ही गिअरची जोडी बदलून, समजा, ३.७३ चे गुणोत्तर ४.१० करता येते. परंतु पुढच्या व मागच्या डिफरन्शियलचे (अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाचे) गुणोत्तर सारखेच असावे लागत असल्याने हे काम दोन ठिकाणी करावे लागते. शिवाय चाक जड झाल्याने ब्रेकवरचा ताण वाढतो, पूर्ण वळणात टायर मडगार्डला घासू शकतो आणि स्टेपनी तिच्या मूळ जागेत बसेलच असे नाही. मोठे टायर घेऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. हा सगळा खर्च एकाच कागदावर मांडून मग निर्णय घ्यावा.

गाडी उंच करणाऱ्या भागांच्या संचाबद्दल, म्हणजे लिफ्ट किटबद्दलही गैरसमज आढळतो. लिफ्टमुळे चेसिस (गाडीचा सांगाडा) वर जाते, सलग अ‍ॅक्सलचे डिफरन्शियल हाउसिंग मात्र पूर्वीइतकेच खाली राहते. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल, तर सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या फिरत्या सांध्याचा) कोन वाढून जॉइंट व त्यांचे रबरी बूट लवकर झिजतात, आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. ज्यांना रोज गाडीत माल चढवायचा आहे, त्यांनी वाढलेल्या उंचीचा त्रासही हिशेबात धरावा.

सर्वांत स्वस्त उपाय टायरमधील हवेचा आहे, आणि आम्ही तो प्रत्येक ग्राहकाला आधी सुचवतो. डांबरी रस्त्यावर ३५ पीएसआय ठेवत असाल, तर मऊ वाळूत १८ ते २० पर्यंत हवा उतरवल्यास टायर जमिनीवर लांबट पसरतो, भार विभागला जातो आणि चाक रुतण्याचे प्रमाण बरेच घटते. त्यासाठी एक चांगला गेज आणि छोटा कॉम्प्रेसर पुरतो. कमी हवेत वेग मंद ठेवावा, एकदम तीव्र वळण घेऊ नये आणि पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी, अन्यथा टायर तापून फाटू शकतो.

त्यानंतरचा खर्च आम्ही चेसिसला पक्क्या बसवलेल्या ओढण्याच्या हुकांवर आणि इंजिनाच्या ऑइल चेंबरखालील संरक्षक पत्र्यावर करू. रुतलेली गाडी ओढताना पट्टा ट्रेलरच्या टो-बॉलला कधीही अडकवू नये. तो बॉल तुटून उडाल्यास माणसाचा जीव जाऊ शकतो.

साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक अधांतरी झाले की तेच गरगरते आणि जमिनीवरचे चाक गाडीला पुढे ढकलू शकत नाही. दोन्ही चाके एकत्र फिरवणारा डिफ-लॉक ही अडचण थेट सोडवतो, म्हणून खडकाळ वाटेवर वारंवार जाणाऱ्यांना लिफ्टपेक्षा मागच्या अ‍ॅक्सलचा लॉक अधिक उपयोगी पडतो, असे आमचे मत आहे. विंच (ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढून काढणारे यंत्र) मुख्यतः एकट्याने प्रवास करणाऱ्यांसाठी घ्यावी. तिची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट असावी. कंपनीने दिलेला ओढीचा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थरापुरता असतो, दोर जितका जास्त गुंडाळलेला तितकी ओढ कमी. जड बंपरसह विंचचे वजन पुढच्या चाकांवर येते, तेव्हा पुढचे स्प्रिंगही तपासावे लागतात. सोबत दुसरी गाडी असेल, तर फावडे, पट्टा आणि चाकाखाली घालायच्या फळ्या यांवर बहुतेक वेळा भागते.

बसवलेला प्रत्येक किलो मालवाहू क्षमतेतून वजा होतो, याची आठवण आम्ही आवर्जून करून देतो. कडक स्प्रिंग घातल्याने गाडी खाली बसत नाही, पण अ‍ॅक्सल, बेअरिंग आणि ब्रेक यांची ठरलेली मर्यादा त्यामुळे वाढत नाही. नोंदणीचे नियम, विमा आणि वॉरंटी यांवर होणारा परिणामही काम सुरू होण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावा.

भेटीस येताना नेहमीचे सामान व माणसे यांसह गाडी वजनकाट्यावर तोलून त्याची पावती आणावी. वर्षातून किती दिवस आपण पक्का रस्ता सोडता आणि गाडी आजवर नेमकी कुठे अडली, तळ टेकून, चाक रुतून की चाक अधांतरी होऊन, हेही सांगावे. गाडी कुठेच अडली नसेल, तर आम्ही तूर्त हवेचा गेज, कॉम्प्रेसर आणि हुक एवढेच सुचवू.