गिर्यारोहणातील पायांचा थकवा व सांधेदुखी

लांब चढ-उतारात मांडी, पोटरी व तळपायाचे स्नायू थकले की त्यांनी झेलायचा भार गुडघा, घोटा आणि टाचेवर पडतो. त्यातून होणारी दुखणी चढणीच्या नावावर खपतात, पण बहुतेक उतारावर सुरू झालेली असतात.

खानदेशात याचे ठळक ठिकाण म्हणजे सातपुडा. नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंब्याच्या (सुमारे १,३२५ मी.) यात्रेला धनत्रयोदशीच्या सुमारास लोक पायी जातात. त्या दिवसांत वाळलेल्या गवताखाली सुटे दगड लपलेले असतात आणि उतार वाट्याला येतो तो जागरणानंतर. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे निघणाऱ्या खानदेशी पदयात्रींचे दुखणे वेगळे: दिवसचे दिवस तापल्या डांबरावर चालल्याने चवडे हुळहुळतात, फोड येतात, गुडघ्याची तक्रार त्या मानाने कमी.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत शरीर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचे काम करतो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ताकद लगेच घटते. ठणका मात्र २४ ते ७२ तासांत वाढतो, म्हणून जिना उतरणे आणि उकिडवे बसणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नकोसे होते. ब्रेक सैल झाला की गुडघा ताठ ठेवून टाच आपटली जाते व वाटीमागे दुखू लागते. याची खूण कानाने कळते: सकाळी हलके पडणारे पाऊल दुपारी धपधप वाजू लागले, की थांबायची वेळ झाली.

घोट्याचे गणित वेळेचे आहे. दगड कलंडताच पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू पाऊल सावरतात. थकव्यात ते उशिरा जागे होतात. पाऊल आत वळते आणि बाहेरचा अस्थिबंध ताणतो किंवा फाटतो. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, हे हमखास घडते. तळपायाची कमानही थकव्याने खाली बसते व तळव्याचा पट्टा ओढला जातो. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेत कळ येणे हे त्याचे लक्षण. नखे काळी पडण्याचे कारण साधे असते: बोटे बुटाच्या टोकावर आदळत राहतात. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्यावेत, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी आणि उतरण्यापूर्वी घोट्याच्या वळणावर नाडीला दोन वेढे देऊन ती घट्ट करावी.

उतारावर पावले आखूड, गुडघे किंचित वाकलेले आणि चाल नागमोडी असावी. काठीने गुडघ्यावरचा भार हलका होतो. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी ती असावी, उतारावर ५ ते १० सेंमी. लांब करावी. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, तेव्हा जळगावकराला महागड्या पाकिटांची गरज नाही. घाम फार गेल्यास पाण्यासोबत मीठही हवे.

तयारीत लोक चढण्याचाच सराव करतात, ही मोठी चूक. २० सेंमी. उंच पायरीवरून तीन सेकंद घेत एका पायावर हळू उतरणे, प्रत्येक पायाने १० ते १२ वेळा, असे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे पुरे होतात. मोठ्या मोहिमेच्या दोनेक आठवडे आधी धुळ्याजवळच्या लळिंगसारख्या किल्ल्यावरून एकदा नेटाने उतरले, तरी पुढचा ठणका बराच कमी होतो.

मुरगळलेला घोटा पहिल्याच दिवशी गरम तेलाने चोळून ‘लचक काढणे’ टाळावे, सूज वाढते. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढावा. चढाईपूर्वीच वेदनाशामक गोळी घेणे वाईट: इशारा दबतो आणि शरीरातले पाणी कमी असताना मूत्रपिंडावर ताण येतो. अंग ठणकत असताना लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर स्नायू मोडून त्यातील द्रव्य रक्तात उतरत असल्याची शक्यता असते. अशा वेळी घरी पडून न राहता तडक रुग्णालय गाठावे.