शंभर पानांवरचा मावा

मे महिना सरत आला की मंचरच्या बाजारात पंजाबातून आलेल्या बटाटा बेण्याचे ट्रक लागतात. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचे शेतकरी तिथून गोण्या उचलतात, बेणं कापून ठेवतात आणि पाऊस झाला की लावतात. भाव दरवर्षी वेगळा असतो, कुरकुर मात्र तीच. बटाटा आपल्या रानात पिकतो, मग बेणं जालंधरहून कशाला आणायचं? आपल्यातलंच चार पोती बाजूला ठेवलं तर काय बिघडलं?

ठेवलं तर पहिल्या वर्षी फारसं काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी झाडं बुटकी राहतात, खालची पानं कडांनी वर वळून द्रोणासारखी होतात. असं पान हातात चुरून पाहावं. ते मऊ लागत नाही, वाळक्या कागदासारखं कुरकुरतं. पानात तयार झालेली साखर खाली बटाट्याकडे नेणाऱ्या नळ्या बंद पडलेल्या असतात, त्यामुळे पिष्ट, म्हणजे स्टार्च, पानातच साचून राहतं. वर ही गत, तर खाली सरीत गोट्यांएवढे चार-दोन बटाटे. खत, पाणी, फवारणी सगळं वेळेवर केलेलं असतं, तरीही.

बेणं असं बाद का होतं, हे कळायला दीडशे वर्षं गेली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये या रोगाने शेतकऱ्यांना जेरीस आणलं होतं. पानं वळतात म्हणून तिथे त्याला 'कर्ल' म्हणत. जाणत्यांचा खुलासा असा, की बटाटा बियांपासून न लावता कंदापासूनच लावत गेलं की वाण म्हातारा होतो आणि एक दिवस खचतो. ऐकायला हे पटण्यासारखं आहे आणि म्हणूनच ते इतकं टिकलं. पण त्याच काळात इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. स्कॉटलंडच्या थंड, वारा झोडपणाऱ्या उंचावरून बेणं आणलं तर तोच वाण पुन्हा तरतरीत येतो. म्हातारपण स्कॉटलंडला जाऊन उतरत असेल, तर ते म्हातारपण नव्हे, एवढा तर्क खरं तर करता आला असता. तो कुणी केला नाही. बेणं मात्र तिथूनच आणत राहिले.

१९१६ मध्ये नेदरलंड्सचे शास्त्रज्ञ क्वान्येर यांनी दाखवून दिलं की पानं वळण्याचा हा रोग कलमातून एका झाडातून दुसऱ्यात जातो. म्हणजे तो संसर्ग आहे. शेतात तर कुणी कलमं बांधत नाही, मग तिथे तो कोण नेतो? १९२० मध्ये त्याच देशातल्या ओर्टवाइन बोत्येस यांनी उत्तर दिलं: मावा, पानाचा रस शोषणारा चिमुकला किडा. स्कॉटलंडच्या थंड वाऱ्यात माव्याला उडता येत नव्हतं, म्हणून तिथलं बेणं निरोगी राहत होतं. इंग्लंडमध्ये रेडक्लिफ सॅलमन यांनी क्षयामुळे डॉक्टरकी सोडली आणि वेळ घालवायला म्हणून बटाट्याकडे वळले. हा माणूस पुढे आयुष्यभर बटाट्यातच राहिला. केंब्रिजला बटाट्याच्या विषाणूंसाठी संशोधन केंद्र निघालं ते त्यांच्याच हाताखाली. तिथले केनेथ स्मिथ यांनी १९३१ मध्ये एकाच झाडात मिसळलेले 'एक्स' आणि 'वाय' हे दोन विषाणू वेगळे करून दाखवले. त्यातला वाय माव्यावाटे जातो, एक्स नाही. तो झाडाला झाड, अवजाराला पान घासून पसरतो.

मावा आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. कपाशीवर, करडईवर, मोहरीवर तो पानामागे थव्याने बसतो, रस शोषतो, चिकटा पाडतो. बटाट्यावर मात्र त्याच्या शोषण्याने होणारं नुकसान बहुतेक वेळा किरकोळच असतं. त्याच्या सोंडेतून काय आलं, हा खरा प्रश्न. आणि ते येण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पानं वळवणारा विषाणू माव्याच्या पोटात जातो, रक्तात उतरतो, तिथून लाळेत येतो. त्यासाठी माव्याला रोगट झाडावर तासन्‌तास बसावं लागतं आणि पुढेही काही काळ जावा लागतो. पण एकदा बाधला की तो मावा मरेपर्यंत रोग वाटत फिरतो. 'वाय'चं उलटं. तो सोंडेच्या टोकालाच चिकटतो. माव्याने पानावर उतरून दोन-चार सेकंद चव घेतली की झालं, तितक्याच सेकंदांत तो पुढच्या झाडाला देतो आणि थोड्याच वेळात स्वतः पुन्हा कोरा होतो. पहिल्या तऱ्हेत कीटकनाशक उपयोगी पडतं, कारण मावा बसून राहतो. दुसऱ्या तऱ्हेत औषधाने मावा मरतोही, पण मरायच्या आधी काम उरकून. कॅनडात ब्रॅडली यांनी १९६२ मध्ये दाखवलं की पानावर खनिज तेलाचा पातळ थर असला तर वायचा प्रसार अडतो. परदेशात बेण्याच्या बटाट्यावर तेलाची फवारणी करतात ती यामुळे.

मारून भागत नाही म्हटल्यावर उरलं मोजणं. मावा केव्हा येतो, किती येतो, कोणता येतो. आधी पानं उलटून मोजत. मग चिकट सापळे आले. १९५१ मध्ये जर्मनीच्या मोरिके यांनी पिवळ्या थाळीत पाणी ठेवलं. पंखवाला मावा पिवळ्या रंगाकडे ओढला जातो, उतरतो आणि पाण्यात अडकतो. थाळीला आजही त्यांचंच नाव आहे. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९६४ पासून १२.२ मीटर उंचीचा, हवा खेचणारा सापळा चालू आहे. जमिनीलगतच्या गडबडीच्या वर, वाऱ्याबरोबर लांबून येणारा मावा त्यात सापडतो. नेदरलंड्सने या मोजणीला थेट तारखेशी बांधलं: माव्याची उड्डाणं सुरू झाली की बेण्याच्या शेतातला पाला अमुक दिवसापर्यंत नष्ट करायचा, मग बटाटे आणखी फुगणार असले तरी.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेणं इटलीहून बोटीने येई. त्या बेण्यातूनच १९०६ च्या सुमारास बटाट्यावरचा पतंग, म्हणजे कंद पोखरणाऱ्या अळीचा पतंग, भारतात शिरला असं मानतात. साठवणीतल्या बटाट्याला तो आजही छळतो. उत्तरेत बेणं डोंगरातून आणायची रीत होती. बटाटा थंडीचं पीक, तेव्हा निरोगी बेणं थंड डोंगरातच होणार, असा सरळ हिशोब. १९३५ मध्ये सिमला, कुफ्री आणि कुमाऊंतल्या भोवालीला बटाट्याची केंद्रं निघाली. १९४९ मध्ये मध्यवर्ती बटाटा संशोधन संस्था पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये तीही सिमल्याला हलली.

डोंगराच्या बेण्यात मात्र अडचणी होत्या. तिथलं पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतं, आणि पंजाबात किंवा बिहारमध्ये ऑक्टोबरमध्येच लावायला हवं असतं. नुकता खणलेला बटाटा सुप्तावस्थेत असतो. त्याला कोंब येत नाहीत. शिवाय डोंगरात जमीन कमी, वाहतूक महाग आणि मातीतले रोग वेगळेच. दार्जिलिंगकडे कंदावर गाठी आणणारा चामखीळ रोग निघाला, १९६१ मध्ये निलगिरीत मुळांवर जगणारा सोनेरी सूत्रकृमी सापडला. एवढ्या मोठ्या मैदानी पट्ट्याचं बेणं डोंगर पुरवणार कुठून?

सिमल्याच्या संस्थेतले शास्त्रज्ञ पुष्करनाथ यांनी इथे उलटा प्रश्न विचारला. बेणं मावा नसलेल्या जागी करायचं म्हणतो, तर ते मावा नसलेल्या वेळी का करू नये? उत्तरेच्या मैदानातल्या नोंदी पाहिल्या तर दिसत होतं की मे-जूनच्या तापात हा मावा तिथे टिकत नाही. हिवाळ्यात तो डोंगराकडून परत येतो आणि त्याची संख्या चढायला डिसेंबरची अखेर उजाडते. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर अशी जवळजवळ पावणेतीन महिन्यांची फट मोकळी. तेवढ्यात बटाटा लावून, वाढवून, पाला कापता आला, तर माव्याने रोग आणला तरी तो पानातून कंदात उतरायच्या आत वाट बंद होईल. १९५९ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. इंग्रजीत तिला 'सीड प्लॉट टेक्निक' म्हणतात आणि बेणं पिकवणारे सगळे तेच नाव वापरतात. जानेवारीत निघालेलं बेणं शीतगृहात ठेवलं की ऑक्टोबरला ते लावायला बरोबर तयार असतं. त्यामुळे डोंगराच्या बेण्याची सुप्तावस्थेची अडचणही मिटली. शीतगृहं उभी राहिली नसती तर मात्र ही सगळी हुशारी कागदावर राहिली असती, हेही खरं.

या पद्धतीचा कणा एक आकडा आहे: शंभर संयुक्त पानांवर वीस मावा. (एका देठावरच्या सगळ्या पर्णिका मिळून एक संयुक्त पान.) तिथे पोचलं की पाला कापायचा.

मोजणीचं काम दिसायला अगदी साधं आहे. सकाळी शेतात आडवंतिडवं फिरत तेहतीस झाडं घ्यायची आणि प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं असं एकेक पान हलकेच उलटायचं. तोडायचं नाही, झटकायचं नाही. झटकलं की मावा खाली पडतो आणि आकडा खोटा निघतो. खालच्या, पिवळसर व्हायला लागलेल्या पानाकडे जास्त लक्ष द्यायचं, कारण बटाट्यावरचा हा मावा थव्याने शेंड्यावर न बसता खालच्या पानांच्या सावलीत एकेकटा विखुरतो. बिनपंखी मावा फिकट हिरवा, कधी गुलाबीसर, दोनेक मिलीमीटरचा. भिंग लावलं की पाठीमागच्या दोन नळ्या दिसतात. त्या फिकट असतील तर हाच. काळ्या कुळकुळीत असतील तर कपाशीवरचा. आठवड्याने पुन्हा तेच. पंजाबात साधारण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पूर्वेकडे त्यानंतर काही दिवसांनी कोयता चालतो. आधी पाणी तोडलेलं असतं. कापल्यावर बुंध्याला नवे फुटवे आले तर तेही काढावे लागतात, कारण कोवळ्या फुटव्यावर मावा आधी येतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. मग साल पक्की होईपर्यंत दोन-तीन आठवडे बटाटे जमिनीतच ठेवायचे.

कापायच्या वेळी पीक हिरवंगार असतं. अजून पंधरा दिवस थांबलं तर वजन वाढणार हे दिसत असतं. खायच्या बटाट्याचा शेतकरी थांबतोच. बेणं करणाऱ्याला ते वजन सोडून द्यावं लागतं, तेही पानामागच्या वीस किड्यांसाठी. या पद्धतीतलं सगळ्यात अवघड काम मला विचाराल तर हेच. मोजणी त्या मानाने सोपी.

वीस हा आकडा कामचलाऊ आहे, निसर्गाने कोरून दिलेला नाही. पानं वळवणाऱ्या विषाणूसाठी तो बऱ्यापैकी चालतो, कारण तो पसरवणारा मावा झाडावर वस्ती करतो आणि मोजणीत सापडतो. वायच्या बाबतीत मात्र जो मावा बटाट्यावर राहतच नाही, उतरून चव घेतो आणि उडून जातो, तोही रोग देऊ शकतो. पानं मोजून तो कसा दिसणार? म्हणून पिवळ्या थाळ्याही ठेवतात. पण शेजारी मोहरी असली की जानेवारीत थाळी मोहरीच्या माव्याने भरून जाते आणि मोजणाऱ्याला भिंगाखाली एकेक वेगळा करत बसावं लागतं. युरोपात प्रत्येक जातीला, ती वाय किती पसरवते त्याप्रमाणे, वेगवेगळं वजन देऊन हिशोब मांडतात. आपल्याकडे शेताच्या बांधावर अजून पानंच उलटली जातात.

दुसरी अडचण या पद्धतीच्या यशातूनच आली. माव्याला चुकवायचं म्हणून लागवड जितकी लवकर, तितकं बरं. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या उबेत पांढरी माशी असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून उत्तरेत शेंड्याची पानं वळवणारा एक वेगळाच विषाणू दिसू लागला, आणि तो या माशीवाटे येतो. एका टोकाला मावा, दुसऱ्या टोकाला माशी. मधली फट दोन्हीकडून आवळली गेली. जमिनीतून द्यायचं फोरेट हे जुनं हुकमी औषध ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झालं. डोंगराकडे परत वळायची वाटही अवघड झाली. हिमाचल, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीरमध्ये सूत्रकृमी सापडल्यावर २०१८ मध्ये तिथून बेणं बाहेर न्यायला केंद्राने मनाई केली. आता ऊती संवर्धनातून, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या निरोगी रोपांपासून, जाळीघरात छोटे कंद करायचे आणि शेतातल्या पिढ्या कमी करायच्या, असा कल आहे. पंजाबने २०२० मध्ये त्यासाठी कायदाही केला. जाळीघरातून बेणं उघड्या रानात आलं, की मोजणी पुन्हा सुरू.

मग सातगाव पठाराचं काय? पठारावर खरिपाचा बटाटा पावसात लागतो आणि सप्टेंबरात निघायला लागतो, खाली रब्बीचा नोव्हेंबरात लागतो. दख्खनचा हिवाळा सौम्य. पंजाबात उन्हाळ्याने झाडून नेल्यावर माव्याचा जसा लांब, ठळक खंड पडतो, तसा इथे पडत नाही. काही ना काही हिरवं बारा महिने उभं असतं आणि मावा त्यावर तग धरतो. कापायची तारीख ठरवायची तर आधी मोकळे दिवस हवेत, आणि तेच इथे हातात येत नाहीत. म्हणून दिवाळीच्या आगेमागे जालंधरकडे कुणीतरी पानं उलटायला लागतं, आणि त्या शेतातलं बेणं मेअखेर मंचरला गोणीतून उतरतं.